बॉल म्हणणारा माणूस

तळहात उताणा करायचा, त्यावर चिमूटभर पीठ ठेवलंय अशी फुंकर मारायची आणि म्हणायचं, "गेलं फुकट!"

आमच्या टोकियोच्या ऑफिसात दिवसभर ही फुंकर चालायची. समोरच्या स्क्रीनवर कुठल्यातरी जुन्या बेसबॉल सामन्याची नोंद उघडलेली असायची. त्यात पिचरनं फोअरबॉल दिलेला दिसला की या गृहस्थांचा हात वर यायचा. सामना आमच्या जन्माआधीचा, तो पिचर बहुधा केव्हाच वारलेला. पण यांचा राग ताजा.

ज्यांनी बेसबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. क्रिकेटमध्ये बोलर, तसा इथे पिचर. फलंदाजासमोर हवेत एक चौकट आहे असं धरून चालायचं. चेंडू त्या चौकटीतून गेला तर स्ट्राइक. बाहेरून गेला आणि फलंदाजानं बॅट फिरवली नाही, तर बॉल. असे चार बॉल झाले की फलंदाज बॅट खाली टाकतो आणि चालत पहिल्या बेसवर जातो. मारायचं नाही, पळायचं नाही, आरामात जायचं. पिचरचा स्वतःच्या हातावर ताबा किती, हे जाणकार लोक या फोअरबॉलवरून मोजतात.

"हिट बसली तर समोरच्याचं कौतुक करा," ते म्हणायचे. "फोअरबॉल दिला तर तोंड लपवा."

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. खोलीत शिरली की बाकीच्यांच्या पाठी आपोआप ताठ होतात, आणि ती बाहेर गेली की कुणीतरी खिडकी उघडतं. मला ते आवडत नव्हते. आजही आवडतात असं मी म्हणणार नाही. पण मी ज्यांच्याबरोबर काम केलं, त्यांच्यापैकी सगळ्यात जास्त मी त्यांच्याबद्दलच बोलत असते, हे माझ्या नवऱ्यानं मला दाखवून दिलंय.

आमची कंपनी छोटी. जुन्या सामन्यांच्या हातानं लिहिलेल्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायच्या, तपासायच्या, आणि टीव्हीवाल्यांना, प्रकाशकांना विकायच्या, हा धंदा. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून टोकियोतल्या निशी-कसाईला आले. पुण्यात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. मुलगी शाळेत जायला लागल्यावर जपानीची परीक्षा दिली आणि या कंपनीत अर्ज केला. मुलाखतीला मालक आणि त्यांच्या शेजारी हे गृहस्थ. मराठी आडनाव ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

मालकांनी त्यांना जपानीत विचारलं, "तुमच्याच भागातल्या दिसतात. कशा वाटतात?"

"घेऊ नका," ते म्हणाले. माझ्या समोर, मला कळतंय हे ठाऊक असताना. "कॉलेजातली माणसं आकड्यांना मांडीवर घेऊन बसतात."

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. घेतलं तरी चालेल म्हणा."

मालकांनी मला घेतलं. पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हटलं. "मी काही शिकवणार नाही तुम्हाला," ते म्हणाले. वयानं वडिलांच्या जवळपासचे, म्हणून दुसऱ्या दिवशी 'काका' म्हणून पाहिलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुमच्या वडिलांना विचारा, असा कुणी भाऊ हरवलाय का." त्यानंतर आमच्यात मराठीतसुद्धा आडनाव आणि पुढे जपानी पद्धतीचं 'सान' एवढंच उरलं.

मूळचे अमरावतीचे. तरुणपणी एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी जपानला आले आणि राहिले. जपानी भाषा ते शाळेत नव्हे, रेडिओवर बेसबॉलचं धावतं वर्णन ऐकून शिकले होते. त्यामुळे त्यांचं जपानी अचूक होतं, पण त्यात आर्जव नावाला नव्हतं. बायको सासूबाईंच्या आजारपणात अमरावतीला गेली ती तिकडेच रमली. मुलगी कॅनडात. हे टोकियोतच फुनाबोरीला एका जुन्या इमारतीत एकटे. बोलताना शुद्ध पुस्तकी मराठी. राग आला की मात्र अमरावती बाहेर यायची, म्हणजे जवळजवळ रोजच.

पहिल्या संक्रांतीला मी ऑफिसात तिळगूळ नेला. जपानी मंडळींनी दोन्ही हातांनी घेतला, वास घेतला, कौतुक केलं. यांच्यापुढे डबा धरला आणि म्हटलं, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

"अट आहे ना त्यात," ते म्हणाले. "जमणार नाही. न्या परत."

खरंच घेतला नाही. मी डबा धरून तशीच उभी. शेजारच्या जपानी मुलीनं काय झालं म्हणून विचारलं, तर मला समजावून सांगता येईना.

त्यांच्या इमारतीत माझी एक मैत्रीण राहायची. जपानला नवीन आली होती. कचऱ्याचं वर्गीकरण इथं किती कडक असतं हे तुम्ही ऐकलं असेलच. तिनं एकदा प्लास्टिकच्या दिवशी प्लास्टिकमध्ये भाजीची देठं टाकली. संध्याकाळी बेल वाजली. दारात हे, हातात तीच पिशवी. "ही तुमची. आज हिचा वार नाही." एवढं बोलून पिशवी दारात ठेवून गेले. ती बिचारी पुढचे कितीतरी दिवस जिन्यात चाहूल घेऊन मगच बाहेर पडायची.

इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी त्यांना एकदा नदीकाठच्या मैदानावर आपल्या रविवारच्या क्रिकेटसाठी अंपायर म्हणून बोलावलं. एकदाच. मंडळाचे अध्यक्ष बोलिंगला आले. गोड माणूस, पोट सुटलेलं, टेनिसचा चेंडू. हौसेचा खेळ. एखादा चेंडू जरा बाहेरून गेला तर कोण मोजतं? यांनी मोजला. वाइड. पुढचा वाइड. त्याच्या पुढचा वाइड. अध्यक्षांची ओव्हर काही संपेना. बायका डबे उघडून बसल्या, भात गार झाला, आणि अध्यक्ष घामाघूम होऊन हात जोडायला लागले तरी हे दोन्ही हात पसरून उभे. शेवटी अध्यक्षांनी बोट दुखतंय म्हणून चेंडू दुसऱ्याकडे दिला. "बोट मगाशी दुखत नव्हतं," हे मोठ्यानं म्हणाले.

तर असे हे गृहस्थ, आणि मी त्यांच्या हाताखाली.

एका प्रकाशकाला जुन्या काळच्या पिचरांवर पुस्तक काढायचं होतं. कुणाचा ताबा सगळ्यात चांगला, कुणाचा सगळ्यात वाईट, अशी क्रमवारी. पहिला मसुदा माझ्याकडे आला. बेसबॉलमध्ये तीन फलंदाज बाद झाले की इनिंग संपते, आणि सामना नऊ इनिंगचा; मी नऊ इनिंगमागे किती फोअरबॉल दिले अशी सरासरी काढली. ती सगळीकडे वापरतात, वाचकाला चटकन कळते. मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवली. सगळ्यांनी माना हलवल्या.

हे उठले. "ज्या पिचरला मार बसतो," ते जपानीत शांतपणे म्हणाले, "त्याच्यापुढे एका इनिंगमध्ये जास्त फलंदाज येतात. जास्त माणसं आली की फोअरबॉलही जास्त. म्हणजे मार बसल्याची शिक्षा तुम्ही याच्या ताब्याच्या नावावर लिहिली. इनिंग मोजू नका, माणसं मोजा. किती फलंदाज समोर आले आणि त्यातले किती फुकट गेले."

मग पुढच्या तक्त्यावर बोट. "आणि ही दोघं एका रांगेत कशी? हा युद्धानंतरचा, चेंडू धड गोल नसायचा तेव्हाचा. तो दुसरा सगळं आयतं मिळालेला. अमेरिकेत एके काळी फलंदाजाला चालत जायला चार नाही, नऊ वाईट चेंडू लागायचे. तेही आणून बसवणार का यांच्या शेजारी? त्या त्या वर्षी बाकीच्यांनी किती दिले ते आधी बघायचं. मग याला शिव्या द्यायच्या."

बोलणं बरोबर होतं. अक्षर न् अक्षर. मला ते कळलं आणि म्हणूनच कान तापले. पण त्यांना एवढ्यावर थांबवेल तर ना. खाली बसता बसता मराठीत म्हणाले, "पुण्यात पोरं पास व्हायची का हो तुमची?"

"व्हायची," मी म्हटलं. "त्यांना तुम्ही शिकवत नव्हता."

मराठी कुणाला कळलं नाही. पण सूर सगळ्यांना कळला. मालकांनी घाईघाईनं चहाची सुट्टी जाहीर केली.

मी सगळं काम नव्यानं केलं. त्यांच्या पद्धतीनं. करता करता मला एक गोष्ट खटकली, आणि तीही मी बोलून दाखवली. जबरदस्त फलंदाज समोर आला की पिचर कधी कधी मुद्दाम चारही चेंडू बाहेर टाकतो, संघाच्या मॅनेजरच्या हुकमानं. त्याला जपानीत 'केइएन' म्हणतात, म्हणजे आदरपूर्वक लांब राहणं. (ऑफिसात यांच्याशी सगळे तेच करायचे.) पण आमच्याकडच्या जुन्या नोंदींत असे मुद्दाम दिलेले फोअरबॉल वेगळे लिहिलेलेच नव्हते. मग हुकूम पाळणाऱ्या पिचरला बेताल ठरवायचं का?

"नोंदीत नाही ना? मग आपण ठरवायचं नाही," ते म्हणाले.

"निदान टीप तरी द्या."

"कोणाकोणाले टीप देता? ज्याची दया आली त्याले?"

हा वाद मिटला नाही. आणि क्रमवारी तयार झाली तेव्हा सगळ्यात शेवटी ज्या पिचरचं नाव आलं, तो जिवंत निघाला. नव्वदीला टेकलेला, क्योतोला लेकीकडे राहणारा. तरुणपणी काही वर्षं खेळला, मग आयुष्यभर तांदळाचं दुकान चालवलं. प्रकाशकाला आनंद झाला. त्या पिचरची मुलाखत घ्या म्हणाला, पुस्तकाला जरा ओलावा येईल. मालकांनी मला पाठवायचं ठरवलं, कारण माझं बोलणं सौम्य. आणि यांनाही, कारण हिशेब यांचा.

क्योतोला जाणाऱ्या शिनकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, आमच्या जागा शेजारी होत्या. ते उठून दुसऱ्या डब्यात जाऊन बसले. मला बरंच वाटलं.

क्योतो स्टेशनवरून बसनं गेलो. अरुंद गल्ली, जुनं लाकडी घर, मागे एका देवळाची भिंत. लेकीनं, म्हणजे साठीच्या बाईंनी, वाकून स्वागत केलं. आजोबा खुर्चीत बसले होते. अंगानं वाळलेले, पण हात केवढे! उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर अशी पसरली होती की दांडा दिसत नव्हता. चहा आला. मी हवापाण्याचं, दुकानाचं, जुन्या मैदानांचं बोलले. आजोबा हुं हुं करत होते. मग बाई माझ्याकडे सरकून हळूच म्हणाल्या, "त्या यादीत वडील शेवटी आहेत असं कळलं. नातवंडं वाचतील. त्या वेळी मॅनेजर मुद्दाम द्यायला सांगायचे, असं एखाद्या ओळीत लिहिता नाही का येणार?"

मला संधीच मिळाली. मी आजोबांना विचारलं, "तुमच्या फोअरबॉलपैकी बरेचसे हुकमानं दिलेले असतील, नाही का?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ अर्धवट मिटलेले डोळे उघडले.

"कोण म्हणतं?"

"म्हणजे, शक्यता..."

"मी बेताल होतो," आजोबा म्हणाले. "हात वेगवान होता आणि माझं ऐकत नव्हता. मॅनेजर बिचारा डोकं धरून बसायचा. हुकूम कसला देतोय!" मग लेकीकडे वळून, "कुणी सांगितलं तुला भीक मागायला?"

बाईंची मान खाली गेली. मी शरमेनं लाल झाले. आणि आमचे गृहस्थ इतक्या वेळात पहिल्यांदा बोलले.

"बरोबर आहे. त्या वर्षी तुमच्याइतके कुणीच दिले नाहीत. तुमच्या जवळपासही कुणी नाही."

मला वाटलं, आता आजोबा काठी फेकून मारणार. आजोबांनी विचारलं, "तू कोण?"

"ज्यानं तुम्हाला शेवटी ठेवलं तो."

"कधी बॉल पकडलाय का हातानं? का नुसता मोजलायस?"

"मोजलाय."

"मग उठ."

बाई 'नको, नको' म्हणत मागे धावल्या. पण आजोबा उठले होते. कपाटातून एक कडक झालेला ग्लव्ह काढून त्यांनी यांच्या अंगावर फेकला, आणि मुलं खेळतात तो रबरी चेंडू स्वतः घेतला. मागच्या बाजूला देवळाच्या भिंतीलगत गाड्या लावायची खडीची मोकळी जागा होती. यांना भिंतीपाशी उकिडवं बसवलं. गुडघे कटकट वाजलेले मला लांबून ऐकू आले. पिचर उभा राहतो त्याच्या निम्म्या अंतरावर आजोबा उभे राहिले, काठी लेकीच्या हातात दिली आणि हात मागे नेला.

पहिला चेंडू भिंतीवर, यांच्यापासून बराच लांब.

"बॉल," हे म्हणाले.

दुसरा मध्येच टप्पा पडून खडीत. "बॉल."

तिसरा डोक्यावरून. "बॉल."

बाई ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या. शेजारच्या घरातली एक बाई वाळत घातलेले कपडे काढता काढता थांबली. चौथा, पाचवा. हे प्रत्येक वेळी उठायचे, चेंडू आणून आजोबांच्या हातात द्यायचे, परत येऊन बसायचे आणि त्याच आवाजात म्हणायचे, "बॉल." आजोबांचा श्वास वाजायला लागला. एक चेंडू बऱ्यापैकी जवळून गेला. जवळून, पण बाहेरून. कुणीही माणुसकी असलेला माणूस तो स्ट्राइक म्हणाला असता.

"बॉल."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकदा तरी म्हणा हो," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. माझा संयम सुटला. मी मराठीत ओरडले, "एकदा म्हणा ना स्ट्राइक! काय जातं तुमचं?"

त्यांनी मान वळवली नाही. चेंडूवरची नजर काढली नाही.

"माझं नाही जात," ते म्हणाले. "त्याचं जाते."

आजोबांना मराठी कळायचं कारण नाही. त्यांनी फक्त ओरडून विचारलं, "पुढचा! झोपलास का?"

किती चेंडू झाले मी मोजलं नाही. आजोबांचा सदरा पाठीला चिकटला होता. बाईंनी काठी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मग एक चेंडू आला, सरळ, फारसा जोरात नाही, आणि ग्लव्हमध्ये फट्दिशी बसला. यांना ग्लव्ह हलवावाही लागला नाही.

"स्ट्राइक," हे म्हणाले. आनंद नाही, कौतुक नाही. बॉल म्हणतानाचाच आवाज.

बाईंनी टाळी वाजवली. मीही वाजवली. आजोबा तिथेच उभे. कपाळाला आठ्या.

"उंच होता," आजोबा म्हणाले.

"नव्हता."

"उंच होता. बॉल होता तो."

"चौकटीतून गेला. स्ट्राइक."

"टाकला मी! मला कळत नाही?"

"पकडला मी! मला दिसत नाही?"

आणि ते दोघे भांडायला लागले. खडीत उभे राहून, एकमेकांच्या छातीकडे, खांद्याकडे बोट दाखवत, चौकट कुठे सुरू होते आणि कुठे संपते यावर. इतक्या कडाक्यानं की कपडे काढणारी बाई घरात गेली. आजोबा थरथरत होते. शेवटी लेकीनं त्यांना धरून आत नेलं. दारातून आजोबा ओरडले, "पुन्हा पाऊल टाकू नकोस या घरात!"

"नाही टाकणार," यांनी उत्तर दिलं आणि ग्लव्ह पायरीवर नीट ठेवला.

परतीच्या गाडीत ते माझ्या शेजारीच बसले. गाडी सुटली तशी मी म्हटलं, "आज तुम्ही वाईट वागलात."

"हो."

"त्या बाई रडत होत्या."

"दिसलं."

"मग?"

त्यांनी जेवणाच्या डब्याचं झाकण काढलं. "त्या रडत होत्या म्हणून म्हाताऱ्याशी खोटं बोलू? माणूस आहे तो. लहान लेकरू नाही, की चेंडू कुठेही गेला तरी टाळ्या वाजवायच्या."

"वय झालंय त्यांचं. कुणीतरी सांभाळून घ्यायला हवं."

"सारेच घेऊन राहिले ना सांभाळून," ते म्हणाले. "म्हणून तर असा चिडून बसला होता खुर्चीत."

मला पटलं नाही. तसं मी सांगितलंही. ते जेवायला लागले तेव्हा दिसलं, डावा हात ते डब्याखाली लपवत होते. टप्पा पडून उडालेला एखादा चेंडू लागला असणार. मधलं बोट सुजून जांभळं झालं होतं. मी पिशवीतून मलम काढून पुढे केलं. त्यांनी ट्यूबकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मी ट्यूब परत ठेवली.

दोन-तीन दिवसांत फोन आला. आजोबांचा खांदा धरला होता, ते अंथरुणाला खिळले होते. बाई अतिशय सभ्यपणे बोलल्या, आणि जपानमध्ये राहिलेल्या माणसाला कळतं की याहून मोठा संताप नसतो. प्रकाशकही बिथरला. मालकांनी मला बोलावून काय घडलं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. यांनी चेंडू आणून दिले, स्ट्राइक म्हटलं नाही, थांबवलंही नाही. आजोबांनीच यांना खेळायला उठवलं होतं, तेही सांगितलं.

मालकांनी यांच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. क्योतोला जाऊन माफी मागायची, आणि पुस्तकात आजोबांच्या नावापुढे टीप टाकायची की यांचे बरेच फोअरबॉल हुकमावरून होते.

"माफी मागतो," ते म्हणाले. "खांद्याची. टीप नाही. तो माणूस स्वतः नाही म्हणाला."

"कुटुंबाची इच्छा आहे."

"चेंडू कुटुंबानं नाही टाकले."

त्यांचा करार दर मार्चमध्ये नवा व्हायचा. त्या मार्चमध्ये झाला नाही. माफीचं त्यांनी खरं केलं, क्योतोला गेले. बाईंनी दार उघडलं नाही. देवळाच्या भिंतीपाशी जरा वेळ उभे राहून परत आले, असं बाईंनीच पुढे मला सांगितलं.

शेवटच्या दिवशी मी त्यांच्या टेबलाशी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"मालकांना काय सांगितलं तुम्ही?" त्यांनीच विचारलं.

"जे झालं ते."

"सगळं?"

"सगळं."

"मग इथं उभ्या कायले? कामाला लागा," ते म्हणाले आणि चहाचा कप पाण्याखाली धरायला गेले. निरोपाच्या जेवणाला आले नाहीत. पुढच्या आठवड्यात फुनाबोरीचं घर रिकामं झालं. माझी मैत्रीण म्हणाली, जाताना त्यांचा कचरा इतका नीट बांधलेला होता की उचलणाऱ्या माणसानं टोपी काढली. ही तिची भर असणार. पण मला ती आवडली.

पुस्तकाचं काम माझ्याकडे आलं, आणि टीपही माझ्याकडे आली. मी आजोबांच्या नावापुढे काही लिहिलं नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला एक टीप दिली, सगळ्याच पिचरांसाठी: वापरलेल्या जुन्या नोंदींत मुद्दाम दिलेले फोअरबॉल वेगळे काढता येत नाहीत, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. ती खरी होती आणि कुणावर दया करणारी नव्हती. बाईंना चालली, मालकांना चालली. यांनी तिच्यातही खोट काढली असती, पण आता काढायला कोण होतं? ऑफिस छान झालं होतं. लोक हसायचे, एकमेकांना खाऊ द्यायचे. माझ्या तक्त्यांवर सगळे माना हलवायचे. मी चुका मुद्दाम दोनदा तपासायला लागले, कारण दुसरं कुणी त्या पकडत नव्हतं.

ते अमरावतीला घरी परतल्याचं कळलं, तेव्हा पुस्तकाची एक प्रत मी तिकडे पाठवली. उत्तर आलं नाही.

मग एका सकाळी ऑफिसात फोन वाजला. पलीकडे खोल, खरखरीत, मोठा आवाज. ऐकू कमी येणारे बोलतात तसा.

"तो मूर्ख आहे का तिथे?"

मी आवाज ओळखला. "खांदा कसा आहे, आजोबा?"

"माझ्या खांद्याशी तुला काय करायचंय? तो कुठेय?"

"इथं नाहीत ते आता. भारतात परत गेले."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"पळाला," आजोबा म्हणाले. "तो चेंडू उंच होता. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

मी त्या दिवशी अमरावतीला निरोप पाठवला. उंच होता असं आजोबा म्हणताहेत, एवढाच. पुस्तकाला ज्यांनी उत्तर दिलं नव्हतं, त्यांचा आवाज थोड्याच वेळात माझ्या मोबाइलवर आला. मागे पंखा घरघरत होता, कुणीतरी भांडी लावत होतं.

"त्याचा नंबर द्या," ते म्हणाले. बस्स. नमस्कार नाही, कशा आहात नाही.

मी आजोबांना विचारून नंबर दिला आणि विसरून गेले. मुलीची परीक्षा होती, घर बदलायचं चाललं होतं.

पावसाळ्याच्या सुमारास क्योतोच्या बाईंचा फोन आला. पुन्हा तोच अतिशय सभ्य सूर. आधी हवापाणी झालं, मग पुस्तकाबद्दल आभार झाले, मग त्या घुटमळल्या.

"त्रास देतेय, पण तुमच्याशिवाय कुणाला सांगू? दर रविवारी सकाळी भारतातून फोन येतो. वडील आधीच फोनजवळ खुर्ची ओढून बसलेले असतात. उचलला की दोघंही ओरडायला लागतात. उंच होता, नव्हता, उंच होता, नव्हता. तासभर. शेजाऱ्यांनी दोनदा विचारलं, घरात काही भांडण आहे का. फोन ठेवला की वडील त्या माणसाला शिव्या देत भरपूर जेवतात." त्या थांबल्या. "तुम्ही त्यांना ओळखता. हे बंद करायला सांगू शकाल का?"

"हो, बघते," मी म्हटलं.

त्यानंतर कितीतरी रविवार गेले. मी अजून काही बघितलेलं नाही.